तुझ्या नावाखालची रेघ

५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आपल्या मालिकेचा चौथा सीझन काल आला. तुला ठाऊक असणारच. मी लॅबमध्ये सातची ड्यूटी करून, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांची चिडचिड ऐकून अडीचला घरी आले आणि चपला काढायच्या आधी टीव्ही लावला. ताट मांडीवर घेऊन बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, आई, आधी हात धू, सगळ्या गावाचं रक्त घेऊन आलीयेस.

तर पहिल्या भागात ती नाहीच! निळ्या केसांची पोरगी शाळेच्या तळघरातलं दार उघडून पलीकडच्या जगात गेली आणि तिनं ते दार पलीकडून लावून घेतलं, तिथे तिसरा सीझन संपला होता. तेव्हापासून आपण दोघी भांडत होतो की ती परत येणार की नाही. तू म्हणायचीस, का येईल? मी म्हणायची, अगं, आई आहे ना तिची इकडे. त्यावर तू अशी हसायचीस की मला उठून टीव्ही बंद करावासा वाटायचा. आता इतकी वाट बघायला लावली, आणि पन्नास मिनिटं नुसते बाकीचे चौघे बोगद्यातून पळतायत. अजून बारावीतच आहेत म्हणे. त्या उंच पोराचे कपाळावरचे केस मागे सरकलेत गं. वर्गात बसलेला असतो तेव्हा वाटतं, मुलाची चौकशी करायला आलेला बाप आहे.

मध्येच मी मोठ्यानं विचारलं, "हा इकडचा की पलीकडचा?" नेहमीसारखं. कुणी पॉज केलं नाही, कुणी उसासा टाकून समजावलं नाही. मग मला रडू आलं, आणि रडताना पुढचं सगळं डोक्यावरून गेलं.

भाग संपल्यावर मी ते पान उघडलं, जिथे आपली नावं येतात. एक 'घर', ज्यात मी पाहते. दुसरं तुझं, हिरव्या बेडकाचं. मे महिन्यापासून मी बेडकाला हात लावला नव्हता. काल लावला. आत पहिल्या भागाच्या चित्राखाली लाल रेघ होती, पाऊण भाग पाहून झालेली.

मी ती रेघ किती वेळ बघत बसले ते सांगत नाही, हसशील. चार महिने तुझा फोन बंद आहे. तू कुठे राहतेस, काय खातेस, कुणाजवळ आहेस, मला काही माहीत नाही. पण काल दुपारी तू कुठेतरी बसून हेच पाहत होतीस. म्हणजे आहेस. एवढं पुरलं मला कालच्या दिवसाला.

हे पत्र तू आवाज जोडायचं काम करायचीस त्या स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथल्या टेबलावरच्या बाई फोनवर म्हणाल्या, पाठवा, देऊ. मे महिन्यात जे झालं त्याबद्दल आत्ता लिहीत नाही. जे केलं ते तुझ्या काळजीपोटी केलं, एवढंच. मला एक ओळ हवी आहे. "बरी आहे" एवढंच लिही. बाकी काही मागत नाही.

तुझी
आई


१२ सप्टेंबर

भिंगरे,

उत्तर नाही. ठीक आहे. पण दुसऱ्या भागाखाली रेघ आहे, या वेळी पुरी, टोकापर्यंत. म्हणजे निळ्या केसांच्या पोरीची आई तूही पाहिलीस.

तीन सीझन मी त्या बाईची बाजू घेत आले. तू तिला गुप्त पोलीस म्हणायचीस. ती मुलीच्या खोलीत यंत्रं लपवायची, मुलीची स्वप्नं पट्टीवर उमटवून घ्यायची आणि सकाळी नाश्त्याला हसून विचारायची, "झोप लागली का?" मी म्हणायची, बिचारी, काळजी वाटते तिला. काल ती त्या बंद दाराला कान लावणारं यंत्र बांधत होती. भिंतभर तारा, केस पिंजारलेले, तीन दिवस आंघोळ नाही. आणि मला एकदम तिचा राग आला. मी टीव्हीवर ओरडले, "बाई, आधी दार ठोठाव ना!"

 मागच्या पत्रात "काळजीपोटी" लिहिलं होतं, ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं लिहिते.

तू म्हणालीस, आई, फार थकवा येतो, जरा हिमोग्लोबिन बघ. मी तुला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून रक्त घेतलं. हिमोग्लोबिनला जांभळ्या टोपणाची नळी पुरते. मी लाल टोपणाचीही भरली. तू विचारलंस, दोन कशाला? मी म्हणाले, असू दे जास्तीची. माझा आवाजसुद्धा हलला नाही, बघ. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्या जास्तीच्या नळीवर मी तुला न विचारता गरोदरपणाची तपासणी लावली. नाव घातलं नाही, नुसता नंबर. मला तुझ्या चेहऱ्यावरून शंका आली होती. शंका आली तर आई विचारते. मी तपासलं. पंचवीस वर्षं हेच करतेय, माणूस काय सांगतो ते न ऐकता त्याची नळी काय म्हणते ते बघायचं.

आणि मग तुझ्याआधी तुझ्या बाबांना सांगितलं. आणि तुला न विचारता डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, "मोकळं" करून टाकायला. तू घरात आलीस तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावर न्यायाधीशासारखे बसलो होतो. बाबा म्हणाले, "कुणाचं आहे ते सांग, नाहीतर या घरात राहू नकोस." तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई, तू माझं रक्त चोरलंस."

बाबा अजून तुझं नाव काढत नाहीत. मी काढलं तर उठून गॅलरीत जातात. सकाळी चष्म्याच्या दुकानात, संध्याकाळी घरी, जेवताना तोंडाला कुलूप. मी कुणाशी बोलू? लॅबमधल्या नळ्यांशी?

तू ते ठेवलंस की नाही, मला माहीत नाही. विचारतही नाही. एक ओळ लिही फक्त.

आई


२२ सप्टेंबर

हे पत्र कुरियरनं पाठवतेय. बाकीचं सोड, हे आधी वाच. तू बी पॉझिटिव्ह नाहीस. तू बी निगेटिव्ह आहेस. तुझ्या ओळखपत्रावर, कॉलेजच्या फॉर्मवर, सगळीकडे चुकीचं लिहिलंय आणि ते मी लिहिलंय.

आज सकाळी लॅबमध्ये ससुली आली. तुझ्या बाकावरची, पुढचे दात मोठे, तुझ्यामुळे सगळी शाळा जिला ससुली म्हणायची ती. पित्ताशयातले खडे काढायचेत, ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या होत्या. कार्डावर बी निगेटिव्ह. मी गट लावला तर बी पॉझिटिव्ह आला. पुन्हा लावला. तोच. तिसऱ्यांदा तपासणीच्या द्रावाची दुसरी बाटली फोडून लावला. तोच. ती हसत म्हणाली, "काकू, लहानपणापासून सगळे मला दुर्मीळ म्हणतात. आता काय मी साधीच?"

मी विचारलं, "हे कार्ड कुणी केलं तुझं?" ती म्हणाली, "तुम्हीच नाही का! शाळेत आला होतात ना, सातवीत."

 आठवतं तुला? सातवीच्या वर्गाची ओळखपत्रं करायची होती आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, मीच येते, एका दुपारी चाळीस मुलांचे गट लावून देते. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवायला ओळीनं घरं आखली होती, एक ते चाळीस. तुझा नंबर सतरा. तू सुई बघून भोकाड पसरलंस. लॅबवाल्या बाईंची मुलगी आणि सुईला भिते, सगळी मुलं हसायला लागली. माझा जीव तुटला. म्हटलं, जाऊ दे, दोन मिनिटं शांत हो. तुझ्या मागे ससुली होती, अठरा नंबर, तिला आधी घेतलं. तिचा थेंब सतराव्या घरात पडला. मग तुला मांडीवर घेऊन तुझं बोट टोचलं, आणि तुझा थेंब अठराव्या घरात. यादी मात्र नंबरानं लिहिली. दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी मी रांग मोडली नसती. कुणी परकी बाई असती तर तिनं तुला ओरडून आधी टोचलं असतं आणि तुझं कार्ड बरोबर निघालं असतं.

आता नीट ऐक. आई निगेटिव्ह असली आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर आईचं रक्त बाळाच्या रक्ताशी वैर धरायला शिकतं. पहिल्याला बहुतेक काही होत नाही. पुढच्याला होतं, आणि फार वाईट होतं. त्यासाठी एक इंजेक्शन असतं. बाळ ठेवलं असशील तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात घ्यायचं, आणि बाळंतपणानंतर पुन्हा. ठेवलं नसशील तर मोकळं झाल्यावर तीन दिवसांच्या आत घ्यायचं असतं. दोन्हीकडे तेच इंजेक्शन. मे महिन्यातल्या तपासणीवरून मी आठवडे मोजलेत. अठ्ठाविसावा आठवडा पाच ऑक्टोबरला पुरा होतो.

चांगल्या दवाखान्यात गट पुन्हा तपासतात. पण छोट्या ठिकाणी कार्ड बघून लिहून टाकतात. मला माहीत आहे, कारण आमच्याकडेही घाईच्या दिवशी तसं झालेलं मी पाहिलंय. तू कुठल्या ठिकाणी जातेस? जातेस तरी का?

जे सांगायचा मला हक्क नव्हता ते मी सगळ्यांना सांगितलं, आणि जे सांगायला हवं होतं ते मला नऊ वर्षं माहीतच नव्हतं. मला शिव्या दे, पण गट तपासून घे.


२६ सप्टेंबर

तुला काय म्हणू आता? काल चौथा भाग आला. आज सकाळी बघते तर तुझ्या बेडकाखाली एकतीस मिनिटांपर्यंत रेघ! मालिका पाहायला वेळ आहे, आईच्या पत्राला उत्तर द्यायला नाही? कुरियर बुधवारीच पोचलं, सहीचा कागद आहे माझ्याकडे. राग माझ्यावर आहे ना, मग माझ्यावर काढ. स्वतःच्या अंगाशी का खेळतेस? एवढी कशी गं तू आडमुठी? कुणावर गेलीस? मला माहीत आहे कुणावर, पण आज मी ते म्हणणार नाही.

दुपारी

सकाळचं खोडत नाही, तसंच राहू दे.

साडेतीनला दारात पाकीट आलं. आत माझीच तिन्ही पत्रं, एकही फोडलेलं नाही, कुरियरचंसुद्धा. वर चिठ्ठी: "त्यांनी जूनमध्ये काम सोडलं. नवीन पत्ता नाही. टेबलावरच्या बाई बदलल्या, त्यामुळे उशीर झाला, माफ करा." अक्षर छान आहे. माफ करा म्हणे.

म्हणजे तुला काहीच माहीत नाही. ससुलीचं नाही, टाइलचं नाही, इंजेक्शनचं नाही. तू बिनघोर बसून मालिका बघतेयस आणि तुझ्या कार्डावर माझ्या हातानं लिहिलेलं खोटं आहे. मी जमिनीवर बसून राहिले. 

मग उठले आणि जे हातात होतं ते पुढे सुरू केलं. शाळेतून सातवीच्या त्या वर्गाची यादी मी बुधवारीच मागवली होती. आमच्या डॉक्टरांना मी मंगळवारीच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "शाळेचं शिबिर, नऊ वर्षं झाली, आपल्या लॅबचा संबंध नाही. कशाला उकरून काढता?" मी म्हणाले, माझा आहे. अदलाबदल तुमच्या दोघींचीच झाली असणार, पण "असणार" या शब्दावर माझा आता विश्वास राहिला नाही. तू आणि ससुली सोडून अडतीस घरं. आजपर्यंत सव्वीस घरी फोन झाले. कुणी आभार मानले, कुणी फोन आपटला. एका मुलाचे वडील म्हणाले, "बाई, तुम्हाला झोप कशी लागते?" मी म्हणाले, लागत नाही.

प्रत्येकीला आणि प्रत्येकाला विचारलं, तू कुठे आहेस माहीत आहे का. कुणालाच नाही.

आता माझ्याकडे फक्त ती रेघ आहे.


३० सप्टेंबर

भिंगरी,

हे कुठे पाठवायचं ते माहीत नाही. तरी लिहिते, कारण न लिहिलं तर डोकं फुटेल.

आज लॅबमधून लवकर सुटून तडक दुकानात गेले. ठरवलं होतं, बाबांना सगळं सांगायचं, गॅलरीत पळू द्यायचं नाही. दीड वाजला होता. जेवणाची सुटी, दार लोटलेलं. काचेतून बघते तर ते काउंटरमागे, डोळे तपासायच्या अक्षरांच्या पाटीखाली बसलेले. डबा उघडा. एका कानात वायर. फोन चष्म्याच्या पेटीला टेकवून उभा केलेला आणि फोनवर तळघरातलं ते दार.

मी आत गेले. त्यांनी फोन उपडा घातला, शाळेतल्या पोरानं चिठ्ठी लपवावी तसा.

"काय बघताय?"

"काही नाही. असंच."

मी फोन उलटा केला. कोपऱ्यात हिरवा बेडूक.

"हे तिच्या नावात लागलंय."

"माझ्या फोनवर तेच उघडतं. तिनंच लावून दिलं होतं, मॅच बघायला."

"पहिल्या भागाखालची रेघ तुमची?"

"कसली रेघ?"

"अहो, कधीपासून बघताय हे?"

"मेपासून." मग खाली बघून म्हणाले, "आधीचे तिन्ही पाहिले. त्याशिवाय कळेना."

"कशाला पण?"

"तुम्ही दोघी खोलीत बसून हसायच्यात. म्हटलं, बघावं, काय आहे एवढं हसण्यासारखं." ते चष्मा काढून पुसायला लागले. "मला काही सापडलं नाही."

दुसरी वेळ असती तर मी त्यांना जवळ घेतलं असतं. आज मी काउंटरवर दोन्ही हात आपटले. म्हणाले, मी त्या रेघेवर जगत होते हो. मला वाटलं, ती आहे. मला वाटलं, ती माझ्याबरोबर बघतेय. तिची म्हणून जी एकच गोष्ट माझ्याकडे होती ती तुमची निघाली. डबा कलंडला. त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, ससुलीपासून पाच तारखेपर्यंत. ते मध्ये एकदाही उठले नाहीत.

सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पाच दिवस?"

"पाच."

"आणि तिला कळवायला काहीच नाही."

"काहीच नाही."

त्यांनी फोन हातात घेतला. मग म्हणाले, "हे तिच्याकडेही असेल ना? तिच्या फोनवर? आपण काही काढून टाकलं नाही, तिनंही नाही. तिनं उघडलं तर सगळ्यात आधी काय दिसतं?"

"नावं."

"मग नाव बदल की."

माझ्या डोक्यात नसतं आलं, खरं सांगते. आम्ही दोघांनी मिळून तुझं नाव पुसलं. नावाला जागा फार थोडी असते. मी आधी "माफ कर" लिहिलं. बाबा म्हणाले, "ते नको, त्यात जागा जाते. कामाचं लिही." बेडकाखाली आता असं आहे: "तू बी निगेटिव्ह. इंजेक्शन घे."

आणि बाबांनी कबूल केलंय की आता ते त्या नावाला बोट लावणार नाहीत. म्हणजे आता तिथे काही हललं तर ती तूच असशील.


५ ऑक्टोबर

आज पाच तारीख. काही हललं नाही.

मी दिवसातून पन्नास वेळा बघते. सुई लावता लावता बघते. एका आजोबांची शीर हुकली आज, दोनदा. ते म्हणाले, बाई, लक्ष कुठाय तुमचं?

सगळ्या छोट्या-मोठ्या प्रसूतिगृहांना फोन करतेय. तुम्ही गट पुन्हा तपासता का? समोरून विचारतात, पेशंटचं नाव? मी सांगते. त्या म्हणतात, असं कुणाचं सांगता येत नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी असते तर मीही सांगितलं नसतं, असं म्हणायला तोंड हवं, ते माझ्याकडे नाही. कारण ऐक, काल मी काय केलं ते. आजूबाजूच्या पन्नास दवाखान्यांचे नमुने आमच्या लॅबला येतात. सगळ्यांची नावं कॉम्प्युटरवर असतात. दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी तुझं नाव टाकलं. हात थांबला, नाही असं नाही. तुझं ते वाक्य आठवलं. तरी बटण दाबलं. काही निघालं नाही. मी पुन्हा तेच केलं, भिंगरी, आणि पुन्हा करीन की काय याची मला भीती वाटते. म्हणून डॉक्टरांना सांगून टाकलं आणि माझा पासवर्ड बंद करायला लावला. आता मी फक्त रक्त घेते. ते कुणाचं काय निघालं हे मला दिसत नाही.

पाचवा भाग मी 'घर'मध्ये पाहिला. बाबांनी पाहिला नाही. जेवताना त्यांनी ताटात बघत विचारलं, "आली का ती?"

घरात, जेवताना, त्यांच्या तोंडून "ती" मी मेनंतर पहिल्यांदाच ऐकलं. मला आधी वाटलं, तुझ्याबद्दल विचारतायत. मग कळलं, मालिकेतली.

"आली," मी म्हणाले. "दाराच्या काचेपलीकडे उभी होती. केस कापलेत. आई काहीतरी बोलत होती, पण आवाज पलीकडे जात नाही."

"मग?"

"मग संपला भाग."

ते म्हणाले, "हे लिहिणारे लोक माणसं आहेत की कोण आहेत?" आणि उठून गॅलरीत गेले. आज मी त्यांच्यामागे गेले. आम्ही दोघं कठड्याला धरून उभे राहिलो.  

तू कुठेतरी आहेस ना? मला आता उत्तर नको, माफी नको, तोंडही दाखवू नकोस. तुला कुणीतरी सांगू दे. रस्त्यावरचं कुणीही. एखादी चिडकी नर्स तुझ्या कार्डावर विश्वास न ठेवता तुझं बोट टोचू दे. एवढंच मागते, दुसरं काही मागायला तोंड नाही मला.


९ ऑक्टोबर

आज शुक्रवार, सहाव्या भागाचा दिवस. तू तो बघायला आलीस बहुतेक. मी साडेअकराला चहाच्या सुटीत फोन उघडला. बेडूक होता. त्याच्याखाली आम्ही लिहिलेलं नव्हतं. तिथे होतं:

"माहीत आहे. घेतलं."

मी ते तीनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "माझा नंबर का?" मी म्हणाले, नाही, माझा. आणि मी काउंटरवरच्या मुलीला सांगून, अॅप्रन तसाच घालून रस्त्यावर आले. दुकान वीस मिनिटांवर आहे. मी धावले, या वयात, या गुडघ्यांनी. वाटेत रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही.

म्हणजे तुला कुणीतरी आधीच तपासलं होतं. माझ्या कार्डावर कुणीतरी विश्वास ठेवला नाही. त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. म्हणजे मी अडीच आठवडे जे सांगायला तडफडत होते त्याची तुला गरजच नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं का? वाटलं थोडं. पण तू बोललीस. तीन शब्द का होईना, तू माझ्याशी बोललीस.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून फोन पुढे केला. "हे बघा."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "काय बघू?"

मी फोन वळवला. 'घर' होतं. त्याच्या शेजारी रिकामी जागा आणि अधिकचं चिन्ह. बेडूक नाही. पान बंद करून उघडलं. बाबांनी त्यांच्या फोनवर उघडलं. कुठेच नाही. तू ते लिहिलंस, मी वाचायला पुरेसा वेळ ठेवलंस आणि पुसून टाकलंस.

गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी मला स्टुलावर बसवलं. पाणी दिलं.

"काय लिहिलं होतं?"

"माहीत आहे. घेतलं."

"नक्की?"

त्यांनी वाईट हेतूनं विचारलं नाही. पण चाळीस मुलांच्या यादीनंतर मला कुणीही "नक्की?" विचारू शकतं. मी डोळे मिटले आणि अक्षरं पुन्हा पाहिली.

"नक्की," मी म्हणाले.

 ते हातातली फ्रेम उगाच वाकवून सरळ करत होते. मग त्यांनी असं विचारलं, जसं मे महिन्यात विचारायला हवं होतं. हळू, माझ्याकडे न बघता.

"मग बाळ आहे का गं? का नाही?"

इंजेक्शन दोन्हीकडे तेच लागतं. तुला हे माहीत आहे, मलाही माहीत आहे. तू एक शब्द जास्त लिहू शकली असतीस. लिहिला नाहीस.

"ते तिनं सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

"तू शोधून काढशील."

"नाही," मी म्हणाले. "ती सांगेल तेव्हा कळेल. नाही सांगितलं, तर नाही कळणार."

बाबांनी मान हलवली. बाहेर पुढचं गिऱ्हाईक दार ढकलत होतं. मी उठले आणि लॅबकडे परत निघाले, रांग अजून संपली नव्हती.

आई